शंभरीचे देणे

इसवी सन 1858 च्या एप्रिल महिन्यात, पाच दिवसांच्या अंतराने, दोन बालके जन्मास आली. पहिले 18 तारखेस रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली ह्या गावी. दुसरे 23 तारखेस दक्षिणेकडील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी. पहिले बालक म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे आणि दुसरे म्हणजे पंडिता रमाबाई. दोघांच्याही हातून ह्या देशातील निराधार स्त्रियांची जी सेवा घडली ती वाचकांस ठाऊकच आहे; किंबहुना कर्व्यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई ह्या रमाबाईंच्या शारदासदनातील अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक होत. परंतु आजचा आपला विषय निराळा आहे. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी, चौसष्ट वर्षे पुरी होण्यास अठरा दिवस उरले असता, निवर्तल्या. कर्वे 9 नोव्हेंबर 1962 रोजी वारले. तेव्हा त्यांचे वय एकशे चार वर्षे होऊन वर सहा महिने झाले होते. एकाच सप्ताहात जन्मलेल्या दोन माणसांच्या आयुष्यांत चाळीस वर्षांचे अंतर पडावे, ह्याचे कारण काय? हे अंतर जन्मतःच त्यांच्या शरीरात लिहिलेले होते काय?

दीर्घायुष्य घराण्यात चालते असे म्हणण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, आणि कर्व्यांचे उदाहरण पाहता तिला थोडा आधारही सापडतो. सन 1899 मध्ये केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कर्व्यांच्या नात्यातील धाकटे बंधू. ते 1876 साली जन्मले व 1966 साली, नव्वद वर्षांचे होऊन, वारले. त्यांच्या कन्या शकुंतलाबाई 1906 साली जन्मल्या व 2000 साली, चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन, गेल्या. एवढ्यावर थांबले तर म्हण सिद्ध झाली असे वाटेल. परंतु महर्षींचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव 1882 साली जन्मले व 1953 साली, एकाहत्तराव्या वर्षी, वडील हयात असतानाच निवर्तले. एकाहत्तर हे वय त्या काळी काही अल्प नव्हे. पण एकशे चारही नव्हे. म्हणजे घराण्यात काहीतरी चालत असावे, पण जे चालते ते वडिलोपार्जित जमिनीसारखे सातबाऱ्यावर नाव लागून सरळ हाती येत नाही.

हा प्रश्न शास्त्रीय रीतीने सोडवू पाहणाऱ्यांपुढे पहिली अडचण उभी राहते ती अगदी साधी आहे: अमुक मनुष्य शंभर वर्षांचा आहे हे खरे कशावरून? आपल्याकडे कित्येक वृद्ध मंडळी ‘मी प्लेगच्या साली जन्मलो’, किंवा ‘मोठा पूर आला तेव्हा मी रांगत होतो’, असे सांगत. आणि ऐंशी उलटल्यावर वय चोरण्याऐवजी वाढवून सांगण्याकडे मनुष्याचा कल होतो, हे आपण घरोघर पाहतो. हिंदुस्थानच्या 2011 सालच्या खानेसुमारीत शंभरी गाठलेल्यांची संख्या सहा लाखांहून अधिक भरली. त्याच वर्षी जपानात, जेथे प्रत्येक कुटुंबाची नोंदवही सरकारदरबारी राखली जाते, ही संख्या पन्नास हजारांचीही नव्हती. लोकसंख्येतील फरक जमेस धरला तरी आपला आकडा विश्वास ठेवण्याजोगा राहत नाही. खुद्द जपानातही 2010 साली तपास झाला तेव्हा नोंदवहीत जिवंत असलेली अनेक वृद्ध माणसे प्रत्यक्षात फार पूर्वीच वारलेली आढळली. कर्व्यांचे उदाहरण मोलाचे आहे ते ह्याचसाठी, की त्यांचा जन्मदिवस, त्यांच्या परीक्षा, त्यांची नोकरी, सर्व काही कागदोपत्री एकमेकांशी जुळते. जगात ज्यांचे आयुष्य कागदपत्रांवरून सर्वांत दीर्घ ठरले आहे त्या फ्रान्स देशातील झान काल्माँ ह्या बाई 1875 साली जन्मल्या व 1997 साली, एकशे बावीस वर्षांच्या होऊन, वारल्या. त्यांची एकुलती एक कन्या मात्र छत्तिसाव्या वर्षी गेली.

आता शरीरात काय ‘लिहिलेले’ असते ते पाहू. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्यांत डीएनए नामक द्रव्याच्या धाग्यावर, चारच अक्षरांच्या लिपीत, सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा एक ग्रंथ लिहिलेला आहे अशी कल्पना करावी. ह्या ग्रंथाच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. ग्रंथातील ज्या भागावरून शरीरातील एखादे विशिष्ट द्रव्य सिद्ध होते त्या भागास जनुक म्हणतात. अशी जनुके सुमारे वीस हजार आहेत.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. निरनिराळ्या प्रांतांतून हजाराहून अधिक हस्तलिखिते मिळवून पंडितांनी ती शब्दशः ताडून पाहिली व प्रत्येक श्लोकाखाली पाठभेद नोंदविले. एका पोथीतून दुसरी पोथी उतरविताना लेखकाच्या हातून अक्षर बदलते. पुढची प्रत त्या बदललेल्या प्रतीवरून होते. आणि असे पाठभेद पिढ्यान्‌पिढ्या वाहत जातात. जनुकांचेही नेमके असेच आहे. कोणत्याही दोन माणसांचे ग्रंथ ताडून पाहिले तर सुमारे हजारात एक अक्षर निराळे निघते. बहुतेक पाठभेद ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसारखे, म्हणजे अर्थास बाध न आणणारे असतात. काहींनी मात्र अर्थ पालटतो. दीर्घायुष्याशी संबंध असलेल्या जनुकांचा शोध म्हणजे नव्वदी-शंभरी गाठलेल्यांच्या पोथ्यांत इतरांपेक्षा कोणते पाठभेद अधिक वेळा आढळतात, ह्याची मोजदाद होय.

परंतु मोजदाद करण्यापूर्वी मुळात जनुकांचा वाटा किती, हे कळले पाहिजे. त्यासाठी जुळ्या भावंडांचा फार उपयोग होतो. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांचे ग्रंथ जवळजवळ एकच असतात. निरनिराळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांचे ग्रंथ सख्ख्या भावंडांइतकेच सारखे असतात. पहिल्या प्रकारच्या जुळ्यांची आयुष्ये दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा जितकी अधिक मिळतीजुळती निघतील, तितका जनुकांचा प्रभाव मोठा. डेन्मार्कमध्ये 1870 ते 1900 ह्या काळात जन्मलेल्या अशा 2,872 जोड्यांची आयुष्ये पाहून 1996 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की माणसामाणसांच्या आयुष्यांत जे अंतर दिसते त्यापैकी सुमारे चौथा हिस्सा जनुकांमुळे असतो. येथे विद्यार्थ्यांनी एक गल्लत टाळावी. ऐंशी वर्षे जगलेल्या मनुष्याची वीस वर्षे जनुकांनी दिली व साठ त्याने स्वतः कमावली, असा ह्याचा अर्थ नव्हे. पुष्कळ माणसांमध्ये जो फरक दिसतो त्या फरकाची ती वाटणी आहे. एका माणसाच्या वर्षांची नव्हे.

पुढे 2018 साली अमेरिकेत कोट्यवधी माणसांच्या वंशावळी तपासण्यात आल्या, तेव्हा हा हिस्सा दहा टक्क्यांहूनही खाली उतरला. कारण मोठे मौजेचे आहे. सख्ख्या भावंडांची आयुष्ये तर मिळतीजुळती निघालीच. पण नवरा-बायको, इतकेच नव्हे तर मेहुणे-मेहुण्या, ज्यांचा परस्परांशी रक्ताचा काडीइतका संबंध नाही, त्यांचीही निघाली! मनुष्य सोयरीक जुळविताना आपल्यासारखेच शिक्षण, खाणेपिणे, संपत्ती व राहणी पाहतो. त्यामुळे जे जनुकांच्या नावे जमा होत होते त्यातले पुष्कळसे वास्तविक घरादाराचे होते. कर्व्यांच्या आनंदीबाई अगदी बालपणी विधवा झालेल्या, लहानपणी कष्टांत वाढलेल्या. त्याही ऐंशी ओलांडून 1950 साली वारल्या.

मग रमाबाई व कर्वे ह्यांच्या बाबतीत काय म्हणावयाचे? रमाबाईंचे आईवडील 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात अन्नावाचून गेले. बहीणही त्यांच्यामागून गेली. बंधू श्रीनिवास 1880 साली वारले. पती बिपिन बिहारी मेधावी विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पटकीने गेले. वडील अनंतशास्त्री दुष्काळ पडेपर्यंत चांगले वृद्ध झाले होते. त्यांच्या पोथीत दीर्घायुष्याचे पाठभेद असतील किंवा नसतील, दुष्काळाने ते उघडून पाहण्यास अवसरच ठेविला नाही. त्या पिढीत बहुतेकांचे असेच होई. हिंदुस्थानात 1911 ते 1921 ह्या दशकात, इन्फ्ल्युएन्झाची साथ त्यातच आल्यामुळे, सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास उतरले होते. आज ते सत्तर वर्षांच्या घरात आहे. शंभर वर्षांत आपली जनुके पालटलेली नाहीत. शुद्ध पाणी, देवीची लस, सुईणीच्या जागी परिचारिका, धान्याची वाहतूक, अशा साध्या गोष्टींनी एवढा पालट घडविला.

येथेच विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. इस्रायलातील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी अगदी अलीकडे जुन्या जुळ्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या, आणि साथीचे रोग, अपघात इत्यादी बाहेरून येणारे मृत्यू गणितातून वेगळे काढले, तेव्हा जनुकांचा हिस्सा चौथ्याहून वाढून निम्म्याच्या आसपास गेला. म्हणजे चतुर्थांश, दशांश आणि अर्धा ही तीन उत्तरे दिसतात तितकी एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. जेथे दुष्काळ व पटकी माणसे नेत आहेत तेथे जनुकांचा आवाज गर्दीत ऐकू येत नाही. ती गर्दी हटली म्हणजे तो ऐकू येऊ लागतो.

तो आवाज कोणाचा, ह्याचा शोध प्रथम एका अतिक्षुद्र कृमीत लागला. सिंथिया केन्यन ह्या अमेरिकन विदुषीने 1993 साली असे दाखविले, की मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या ह्या कृमीच्या एकाच जनुकात पालट झाला असता त्याचे आयुष्य दुप्पट होते. शरीरास ‘अन्न मुबलक आहे, वाढ करा’ असा जो निरोप इन्सुलिनसारख्या द्रव्यांमार्फत मिळतो, तो निरोप ह्या पालटामुळे मंद होतो. मग शरीर वाढीचा उद्योग आवरता घेऊन डागडुजीकडे लक्ष देते. ह्याच व्यवस्थेतील फॉक्सो-3 नावाचे जनुक आपल्या सहाव्या गुणसूत्रावर आहे. हवाई बेटांत स्थायिक झालेल्या जपानी वंशाच्या पुरुषांचा जो दीर्घकाळ अभ्यास चालला होता त्यातून 2008 साली निष्पन्न झाले, की ह्या जनुकाचा एक विशिष्ट पाठभेद आईवडील दोघांकडून मिळालेल्यांत पंचाण्णवी गाठण्याचे प्रमाण तो मुळीच न मिळालेल्यांच्या पावणेतीन पट होते.

दुसरे जनुक अधिक महत्त्वाचे आहे. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर असून त्यास एपीओई म्हणतात. रक्तातून चरबीची ने-आण करणाऱ्या एका द्रव्याची ही कृती होय. ह्याचे तीन प्रमुख पाठ आहेत. त्यांस ई-2, ई-3 व ई-4 अशी नावे आहेत. ई-3 हा सर्वांत सामान्य. त्यात एके ठिकाणी एकच अक्षर बदलले की ई-4 होतो, आणि दुसऱ्या एके ठिकाणी एकच अक्षर बदलले की ई-2. केवढा हा फरक! तीनशे कोटी अक्षरांत एक. तथापि ई-4 ज्यांच्याकडे आहे त्यांस हृदयविकाराचा व म्हातारपणी होणाऱ्या आल्झायमर नामक स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक असतो. फ्रान्समधील शतायुषी लोकांची तपासणी 1994 साली प्रसिद्ध झाली तीत ई-4 कमी व ई-2 अधिक आढळला. आणि त्यानंतर निरनिराळ्या देशांत जेवढ्या मोठ्या मोजण्या झाल्या त्या बहुतेकांत हाच एक निष्कर्ष पुन्हा पुन्हा निघाला. इतर जनुके एका देशात दिसतात व दुसऱ्यात दिसेनाशी होतात. बारकाईने पाहिले तर येथे ‘दीर्घायुष्य देणारे’ असे काही नाहीच. लवकर नेणारा एक पाठ शतायुषींच्या पोथीत क्वचित सापडतो, इतकेच.

असे शोध घेण्यास, जे समाज शतकानुशतके आपापसांतच सोयरिकी करीत आले आहेत ते सोयीचे पडतात. कारण त्यांच्यात पाठभेदांची गर्दी कमी असते. आपल्या पनवेलीत 1849 साली बांधलेले बेथ एल हे बेने इस्रायल मंडळींचे प्रार्थनामंदिर आहे. तेलाचे घाणे चालविणारी व शनिवारी काम बंद ठेवणारी ही मंडळी कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली जात. त्यांच्याहून निराळा, युरोपातील अश्केनाझी नावाचा जो यहुदी समाज, त्यातील शेकडो अतिवृद्धांचा अभ्यास न्यूयॉर्क येथे निर बार्झिलाई ह्या वैद्यांनी केला. सन 2003 मध्ये त्यांनी सीईटीपी नामक जनुकाचा एक पाठभेद ह्या वृद्धांत व त्यांच्या मुलाबाळांत अधिक असल्याचे दाखविले. त्यामुळे रक्तातील चरबीचे कण मोठे राहतात व धमन्या कमी खराब होतात असे दिसले. हे जनुक दडपणारे औषध काढले तर सर्वांनाच तो लाभ होईल, ही कल्पना सुचण्यास वेळ लागला नाही. तसे एक औषध निघालेही, आणि हजारो रोग्यांवर त्याची परीक्षा चालली. परंतु डिसेंबर 2006 मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांत मृत्यू कमी न होता अधिक होत होते. जन्मापासून सर्व शरीराशी जुळत आलेला पाठभेद निराळा आणि साठाव्या वर्षी पोटात गेलेली गोळी निराळी.

ह्याच वैद्यांनी 2011 साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. पंचाण्णवी ओलांडलेल्या ह्या वृद्धांनी सत्तरीच्या सुमारास आपले आचरण कसे होते ते सांगितले, तेव्हा धूम्रपान, वजन, व्यायाम ह्यांत ते इतरांपेक्षा मुळीच शहाणे नव्हते असे दिसून आले. हे वाचून कोणी विडी शिलगावू लागेल तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे, की हे लोक लाखांतून निवडलेले आहेत. त्यांच्यासारखेच वागून साठीत गेलेले लोक उत्तर देण्यास उरलेले नाहीत.

ह्या क्षेत्रात घाईही पुष्कळ झाली आहे. सन 2010 मध्ये अमेरिकेतील एका अतिशय प्रतिष्ठित शास्त्रीय नियतकालिकात, दीडशे पाठभेद तपासून शतायुषी मनुष्य बऱ्याच अचूकपणे ओळखता येतो, असा निबंध आला. वृत्तपत्रांनी तो डोक्यावर घेतला. मागाहून तपासणीच्या साधनांतच दोष निघाला आणि 2011 साली लेखकांनी स्वतः होऊन तो मागे घेतला. मला ह्यात शास्त्राची अप्रतिष्ठा वाटत नाही. उलट, ज्यांनी छापलेले परत घेतले त्यांच्या पुढील निबंधावर मी अधिक विश्वास ठेवीन.

एक शंका चाणाक्ष विद्यार्थी काढतीलच. निसर्ग जर सरस जनुके निवडून ठेवतो, तर ई-4 सारखे अपायकारक पाठ आजवर टिकले कसे? आयुष्याची शेवटची वर्षे आपल्या देशाचे नागरिक म्हणून काढून 1964 साली भुवनेश्वर येथे वारलेले जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनी ह्याचे उत्तर 1941 सालीच सुचविले होते. मज्जातंतूंचा नाश करणारा हंटिंग्टन नावाचा आनुवंशिक रोग बहुधा तिशी-चाळिशीनंतर प्रकट होतो. तोवर रोग्यास मुले झालेली असतात व दुष्ट जनुक पुढच्या पिढीत पोचलेले असते. मुले वाढवून झाल्यानंतर जे घडते त्याची निसर्गाच्या हिशेबात फारशी नोंदच होत नाही. पीटर मेडावर ह्यांनी 1952 साली हाच विचार पुढे नेऊन वार्धक्याची उपपत्ती लाविली. थोडक्यात, म्हातारपणाचे ग्रंथपरीक्षण कोणी केलेलेच नाही. मुद्रिते न तपासता छापलेली ती शेवटची प्रकरणे आहेत.

दीर्घायुष्याचा विषय पनवेलकरांस तसा परका नाही. च्यवन ऋषींस पुन्हा तारुण्य देणाऱ्या अवलेहाची कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि आयुर्वेदीय औषधे करणारा धूतपापेश्वरांचा कारखाना तर 1872 सालापासून आपल्याच गावात आहे. महर्षी कर्व्यांना कोणी दीर्घायुष्याचे रहस्य विचारले तर हाती लागते ते मिताहार, नियमितपणा व चालणे इतकेच. मुरुडाहून घाट चढून सातारा येथवर शंभरावर मैल ते पायी परीक्षेस गेले होते, आणि तेथे ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून परीक्षकांनी त्यांस बसू दिले नाही, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. वयाहून लहान दिसणारा तो मुलगा एकशे चार वर्षे जगला हे वाचून मन एकदम अनुमान काढावयास धावते. पण एका उदाहरणावरून अनुमान काढण्याची सवय गणिताचे अध्यापक कर्वे ह्यांनी आपल्या विद्यार्थ्यांत खपवून घेतली नसती.

हल्ली थुंकीची नळी टपालाने मागवून ‘तुमचे आयुष्य किती’ ते सांगणाऱ्या जाहिराती पालकांच्या दृष्टीस पडत असतील. वर सांगितले त्यावरून त्यांची किंमत ज्याची त्याने ठरवावी. माझ्या मते त्या पैशांत मुलास चांगली दोन पुस्तके येतील. मात्र आयुष्य उणे करणारे काही थोडे पाठभेद असे आहेत, की त्यांविषयी शास्त्रास पक्के ज्ञान आहे आणि त्या ज्ञानाचा उपयोगही होतो. सतराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-1 व तेराव्यावरील बीआरसीए-2 ह्या जनुकांतील विशिष्ट दोषांमुळे स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो, आणि तो आधी कळला तर वेळच्या वेळी तपासणी व उपाय करता येतात. आपल्याच तालुक्यात, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक नावाची संस्था आहे. तेथे अशा आनुवंशिक कर्करोगांचा व ते ज्या घराण्यांत चालतात त्यांचा अभ्यास होतो. ज्या घरात दोन-तीन स्त्रियांना ऐन चाळिशीत वा त्याआधी हा रोग झाला असेल, त्यांनी संकोच न धरता चौकशी करावी. जाताना आजी, आत्या, मावश्या, काका ह्यांपैकी कोणास कोणत्या वयात काय झाले हे एका कागदावर लिहून नेल्यास तेथील डॉक्टरांचे अर्धे काम होते.